सिडनीत अ‍ॅबोरिजिनल स्टडीजचं युनिट घ्यावं का? (दोन युनिट केल्यानंतरचा रिव्ह्यू)

सीनियर लोकांचा एक ठरलेला सल्ला असतो, "इलेक्टिव्ह उरला असेल तर अ‍ॅबोरिजिनल स्टडीज टाक, परीक्षा नाही, नुसते निबंध, आरामात निघतं." यातलं परीक्षा नाही एवढंच खरं. (अ‍ॅबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, आणि युनिट म्हणजे डिग्रीतला एक विषय.) मी आयटीवाली, सिडनीतल्या एका युनिव्हर्सिटीत (नाव मुद्दाम देत नाही, पुढे तक्रारपण आहे) आधी फर्स्ट इयर लेव्हलचं इतिहासवालं युनिट घेतलं आणि मग त्यातच गुंतले, म्हणून पुढचं, किनशिप (नातेसंबंध) आणि नॉलेजवालं पण घेतलं. दोन्हींचं मिळून लिहितेय. पाचपैकी चार. एक कशाचा कापला ते येईलच.

आधी पैशांचं, कारण सगळे तेच विचारतात. इंटरनॅशनल असाल तर एका युनिटचे हजारो डॉलर आधी भरायचे, मग ते जावाचं असो की इतिहासाचं, सूट बिट काही नाही. इथल्या मुलांना हेक्सच्या सरकारी शिक्षणकर्जावर टाकता येतं पण त्यांचंही काही स्वस्तात चाललेलं नाही, 2021 पासून ह्युमॅनिटीजची फी दुपटीच्या वर गेलीय. म्हणजे टाइमपास म्हणूनच घेणार असाल तर फार महागातला टाइमपास पडेल, एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या ट्युटला (ट्युटोरियल, छोट्या गटाचा वर्ग) आमच्या लेक्चररने एक नकाशा स्क्रीनवर टाकला. कॅनबेराची आयट्सिस ही अ‍ॅबोरिजिनल अभ्यासाची संस्था आहे ना, तिचा ऑस्ट्रेलियाचा नकाशा, त्यात राज्यांच्या सरळ रेषा नाहीतच, अडीचशेच्या वर भाषांचे रंगीत तुकडे, आणि त्यांच्या कडा मुद्दाम पुसट ठेवलेल्या. मग म्हणाली, तुम्ही आता भाड्याने राहता ती जागा यात शोधा. आमच्यातले निम्मे वेस्टर्न सिडनीतल्या हॅरिस पार्क, वेस्टमेड, वेंटवर्थव्हिल, ब्लॅकटाउनवाले. म्हणजे दारुग लोकांची जमीन, आणि पॅरामॅटाच्या आसपासची त्यातल्या बुर्रामत्तागल कुळाची. इतकी वर्षं ज्या स्टेशनवरून ट्रेन पकडतोय तिथलं हे एक अक्षर माहीत नव्हतं कोणालाच, आणि वर्गातल्या गोऱ्या मुलांनाही फारसं नव्हतं, हे सांगायला हवं.

मग पुढचे काही आठवडे तिने ऑस्ट्रेलियाचा इतिहास 1788 पासून (ब्रिटिश वसाहत सुरू झाली ते वर्ष) सरळ न सांगता वेस्टर्न सिडनीतूनच सांगितला आणि मला वाटतं पहिल्या युनिटमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच. गव्हर्नर मॅक्वारी, ज्याचं नाव इथे रस्त्याला, बँकेला, युनिव्हर्सिटीला, जिकडेतिकडे, त्याने 1815 च्या सुरुवातीला पॅरामॅटात अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठी नेटिव्ह इन्स्टिट्यूशन नावाची शाळा उघडली. ऐकायला छान वाटतं. पण मुलं तिथे घरच्यांपासून तोडून ठेवायची, हे त्या शाळेचं कामच होतं. तिथे मारिया लॉक नावाची दारुग मुलगी होती, तिने 1819 मध्ये कॉलनीतल्या शाळांच्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिला नंबर काढला. आणि ही शाळा उघडल्यावर पुढच्याच वर्षी, एप्रिल 1816 मध्ये, त्याच गव्हर्नरच्या हुकमावरून निघालेल्या सैनिकांनी अ‍ॅपिनला रात्रीच्या अंधारात अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या तळावर हल्ला केला, निदान 14 लोक मेले, त्यात बायका आणि पोरं, काही जण पळताना कड्यावरून पडून. शाळा आणि सैन्य, सही एकाच माणसाची. पुढे ती शाळा आता ज्याला ब्लॅकटाउन म्हणतो तिकडे हलवली, गावाला नावही त्यातूनच चिकटलं, आणि ती जागा 2018 मध्ये दारुग लोकांना परत मिळाली. मी त्या रस्त्याने कितीदा गेलेय. कधी मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं.

बाकी इतिहास मग भराभर येतो. 1938 चा डे ऑफ मोर्निंग (निषेध म्हणून पाळलेला शोकदिन), 1965 ची फ्रीडम राइड (चार्ल्स पर्किन्स सिडनी युनिव्हर्सिटीतून पोरांची बस घेऊन निघाले आणि मोरीच्या स्विमिंग पूलवर जाऊन भिडले, कारण तिथे अ‍ॅबोरिजिनल मुलांना आत घेत नव्हते), 1966 चा वेव्ह हिलच्या अ‍ॅबोरिजिनल गुराख्यांचा संप, 1972 ची टेंट एम्बसी (कॅनबेरात संसदेसमोर तंबू ठोकून केलेलं आंदोलन). 1967 च्या रेफरेंडमबद्दल इथल्या बऱ्याच जणांना वाटतं की त्याने अ‍ॅबोरिजिनल लोकांना मतदानाचा हक्क मिळाला, तसं नाही, फेडरल मतदानाचा हक्क 1962 लाच आला होता, 67 ने घटनेतली दोन कलमं बदलली, एक जनगणनेत मोजायचं आणि दुसरं केंद्राला कायदे करता यायचं, आणि नव्वद टक्क्यांच्या वर लोकांनी हो म्हटलं. मग 3 जून 1992 चा माबो निकाल. एडी माबो हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस स्ट्रेटमधल्या मेर बेटाचा माणूस, त्याने ही जमीन कुणाचीच नव्हती हे तत्त्व हायकोर्टात पाडलं, आणि निकाल लागला तेव्हा तो स्वतः नव्हता, जानेवारीतच गेला होता. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत कोंबलंय, दम लागतो. माबोवर तर एक अख्खं युनिट हवं होतं राव.

आता दुसरं युनिट, आणि खरं तर याच्यासाठीच मी रिव्ह्यू लिहायला बसले.

किनशिपचा वर्कशॉप प्रत्यक्ष वर्गात असतो, ऑनलाइन नाही, आणि तो चुकवू नका. लेक्चरर स्वतः न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातली अ‍ॅबोरिजिनल बाई. खुर्च्या बाजूला सारल्या, प्रत्येकाच्या हातात रंगीत कार्ड. आधी सगळ्यांचे दोन भाग, त्याला मॉइटी म्हणतात, मग टोटेम (कुळाचा प्राणी किंवा वनस्पती), मग स्किन नेम (नात्यातला गट सांगणारं नाव). मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांच्यात अशी आठ स्किन नेम असतात, पुरुषांचं ज वरून, बायकांचं न वरून, जापांगार्डीची बहीण नापांगार्डी. तुमचं स्किन नेम काय यावरून समोरचा अनोळखी माणूस तुमचा भाऊ, काका, का सासरा हे लगेच ठरतं, आणि त्याच्याशी कसं बोलायचं, काय द्यायचं, काय मागायचं तेही. वडिलांचा भाऊ म्हणजेही वडीलच, आईची बहीण म्हणजेही आईच, तिची पोरं ती सख्खी भावंडं, पण आईच्या भावाची पोरं मात्र वेगळ्या गटात. इथे गोऱ्या पोरांचा पार गोंधळ, त्यांना सगळे सरसकट कझिन. आणि मी आणि एक साताऱ्याचा मुलगा एकमेकांकडे बघून हसतोय, कारण मावसभाऊ तो सख्खा भाऊ आणि मामाची मुलगी मात्र बायको म्हणून चालते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अर्थात कुठे काय चालतं ते तिकडे समाजासमाजात वेगळं आहे, सगळं आपल्यासारखंच असं डोक्यात घेऊ नका. जावई आणि सासूने एकमेकांसमोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, असाही नियम बऱ्याच ठिकाणी आहे, त्यावर वर्गात एकाने "बेस्ट सिस्टम" म्हणून घेतलंच.

हसत-खेळत सगळे आपापल्या जागी उभे, कोण कुणाचा कोण ते पाठ झालेलं, आणि मग ती वर्गातून फिरत पोरांची कार्डं काढून घ्यायला लागली. काही बोलली नाही. ज्यांची कार्डं गेली त्यांना भिंतीपाशी उभं केलं. मग उरलेल्यांना विचारलं, आता सांगा, याचं लग्न कुणाशी ठरवणार? हिला तिची गोष्ट कोण शिकवणार? हा परत आला तर तुमचा कोण लागतो हे त्याला कसं कळेल? कुणाला काही सांगता येईना. न्यू साउथ वेल्समध्ये 1909 चा कायदा आणि 1915 ची त्यातली दुरुस्ती, त्याने सरकारी प्रोटेक्शन बोर्डाला कोर्टात न जाता अ‍ॅबोरिजिनल पोरं घरातून उचलायचा अधिकार मिळाला, हे मी आधीच्या युनिटमध्ये वाचलं होतं, निबंधात लिहून मार्कपण घेतले होते. 1997 चा ब्रिंगिंग देम होम रिपोर्ट म्हणतो की 1910 ते 1970 मध्ये दहातल्या एका पासून ते तिनातल्या एका मुलापर्यंत एवढी मुलं उचलली गेली. पण एक पोर काढलं की किती जणांचे किती नात्यांचे धागे तुटतात ते त्या भिंतीपाशी उभ्या मुलांकडे बघून डोक्यात शिरलं. तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी 13 फेब्रुवारी 2008 ला या उचललेल्या मुलांची मागितलेली माफी तिने त्यानंतर दाखवली, आधी नाही. क्रम बरोबर लावला होता बाईंनी.

फील्ड डे कु-रिंग-गाई चेस नॅशनल पार्कला. सिडनीच्या उत्तरेला, सँडस्टोनचे सपाट कातळ आणि त्यावर कोरलेली चित्रं. दुपारी बारा वाजता गेलात तर काही दिसणार नाही, खोटं नाही सांगत, समोर उभं राहूनही रेष दिसत नाही, म्हणून आम्हाला उन्हं कलल्यावर नेलं. तिरपा उजेड पडला की खोबणी उठून दिसतात. आधी टोचून टोचून ओळीने खड्डे करायचे आणि मग ते घासून जोडून सलग रेष काढायची, ते खड्डे काही ठिकाणी अजून वेगवेगळे कळतात. तिथे एक एमू आहे. अंधार पडल्यावर आमच्या गाइडने (अ‍ॅबोरिजिनल गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणत होते, आम्हीपण म्हणायला लागलो) वर बघायला सांगितलं. सदर्न क्रॉस, म्हणजे आपला त्रिशंकू, त्याच्या शेजारी आकाशगंगेत एक काळा डाग आहे तो एमूचं डोकं, तिथून मान खाली, आणि वृश्चिकेच्या बाजूला अंग आणि पाय. म्हणजे ताऱ्यांना ताऱ्यांशी जोडायचं नाही, मधला काळोख बघायचा. एकदा दिसला की मग न दिसणं शक्य नाही. कामिलारोई लोकांच्यात एप्रिल-मेमध्ये हा एमू धावताना दिसतो, ते एमूंचे जोड्या जमायचे दिवस, आणि जून-जुलैत तो बसलेला दिसतो, तेव्हा नर अंड्यांवर बसतो आणि अंडी गोळा करायची वेळ होते. आकाशात कॅलेंडर. सिडनीच्या उजेडात एरवी ते नीट दिसतही नाही, आपणच लाइट लावून घालवलंय.

आणि याच ठिकाणी तो प्रसंग झाला. एका मुलाने दुसऱ्या एका आकृतीकडे बोट दाखवून विचारलं, याची गोष्ट काय? अंकल म्हणाले, गोष्ट आहे, पण ती सांगायचा हक्क माझा नाही. पोराला वाटलं इंग्लिश समजलं नसेल, त्याने फिरवून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच शांतपणे. तिसऱ्यांदा "असाइनमेंटसाठी हवंय" म्हणून बघितलं, तर अंकल हसले आणि दगडाबद्दल बोलायला लागले. बसमध्ये परत येताना दोघं-तिघं कुरकुरत होती की एवढी फी भरून अर्धवटच सांगतात. मला विचाराल तर फी वसूल झाली ती नेमकी तिथेच. शाळेपासून आपल्याला एवढंच शिकवलेलं की माहिती म्हणजे कुणीही मागावी, ज्याने पैसे भरले त्याला मिळावी, गुगलला तर फुकटच मिळावी. इथे ज्ञानाला मालक आहे, सांगणाऱ्याची पात्रता आहे, ऐकणाऱ्याचीही आहे, काही गोष्टी बायकांच्या, काही पुरुषांच्या, काही फक्त त्या जमिनीवर उभं राहूनच सांगायच्या. अख्ख्या युनिटमध्ये हा एक मुद्दा कळला नाही तर बाकीचं सगळं म्हणजे नुसती जनरल नॉलेजची तयारी.

आयटीवाल्यांनी यापुढचं जरा नीट वाचा. मुकुर्तू नावाचं एक अर्काइव्हचं सॉफ्टवेअर आहे, ते टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर बसून बनवायला सुरुवात झाली. त्यात फोटो कुणाला दिसणार हे अ‍ॅडमिन आणि युजर असं सरधोपट नाही ठरत, बघणारा कुठल्या कुळाचा, बाई की पुरुष, फोटोतला माणूस हयात आहे की नाही, यावर परवानगी ठरते. मी डेटाबेसच्या क्लासमध्ये अ‍ॅक्सेस कंट्रोल शिकले तेव्हा रोल तीन-चार, मॅनेजर, क्लार्क, गेस्ट, झालं. इथे नातं हीच परवानगी, आणि माणूस गेला की ती बदलते. शिवाय इंडिजिनस डेटा कुणाच्या ताब्यात असावा यावर ऑस्ट्रेलियात मायाम नाइरी विंगारा हा गट 2017 पासून काम करतोय, आणि आयट्सिसचा 2020 चा एथिक्स कोड आहे, रिसर्च करायचं तर आधी त्या समाजाला विचारा, त्यांच्या नेतृत्वाखाली करा. हे सगळं एका आठवड्यात येतं. माझ्या डिग्रीत कुठेही हे आलं नाही, आणि यायला हवं होतं.

युनिव्हर्सिट्या स्वतः यात धुतल्या तांदळासारख्या आहेत असंही नाही, आणि आमच्या लेक्चररने ते लपवलं नाही याचे मार्क वेगळे. मुंगो मॅन घ्या. लेक मुंगोला 1974 मध्ये सापडलेला सांगाडा, जवळपास 40,000 वर्षांपूर्वीचा, कॅनबेराला युनिव्हर्सिटीत नेला आणि तो त्याच्या लोकांना परत मिळाला 2017 मध्ये, जुन्या शववाहिकेतून, गावागावांत थांबत. चाळीस वर्षांच्या वर तो माणूस कपाटात पडला होता. ज्या संस्थांनी हाडं गोळा केली त्याच आता अ‍ॅबोरिजिनल नॉलेज शिकवतात, हे वर्गात मोठ्याने बोललं जातं. बोललं जावंच.

आता कापलेला मार्क. ऑनलाइन लेक्चर. वर्गात शिकवणारी माणसं एवढी तयारीची आणि रेकॉर्डिंग मात्र कधीची तरी, बदलायची कुणाला फुरसत नाही. आमच्या एका लेक्चरमध्ये व्हॉइस रेफरेंडम (संसदेला सल्ला देणारी मूळ रहिवाशांची संस्था घटनेत घालायची का, यावरचं मतदान) "येत्या काळात होईल" असं चाललंय, आणि आम्ही ते ऐकतोय मतदान होऊन गेल्यावर. 14 ऑक्टोबर 2023 ला ते झालं, साधारण 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत पडलं, आणि लेक्चरमधल्या बाई अजून आशेने बोलतायत. ऐकवेना. पोर्टलवर कळवलं, "फीडबॅकबद्दल आभार" असा ठरलेला मेल आला आणि व्हिडिओ तसाच. ट्युटरने आपलं आपण सावरलं, 2017 चं उलुरू स्टेटमेंट (व्हॉइसची मागणी त्यातलीच) वर्गात मोठ्याने वाचून घेतलं आणि मग निकालावर बोलायला लावलं. त्या ट्युटमध्ये इथली मुलं खाली मान घालून गप्प, आणि आपल्यातला एक जण म्हणाला, आपला काय संबंध, आपण तर परवा आलो. यावर तिने फक्त विचारलं, भाडं कुठे भरतोस? तो चिडला थोडा. पण प्रश्न चोख होता.

दुसरी तक्रार फील्ड डेची. जागा कमी, आधी येईल त्याला, आणि ज्यांना मिळत नाही त्यांना एक व्हिडिओ देतात. त्या व्हिडिओत कातळही दिसत नाही आणि एमूही नाही. एवढी फी घेता तर अजून एक बस काढा की.

असाइनमेंट: एक जागेचा अभ्यास, एक ग्रुप प्रेझेंटेशन (नेहमीसारखंच, दोघं करतात आणि पाच जणांना मार्क), आणि एक रिफ्लेक्शन. रिफ्लेक्शन म्हणजे "मी कोण, मी हे कुठून बघतेय" असं लिहायचं, आपल्याला सवय नसते, आपण लगेच विकिपीडिया छाप लिहितो आणि पास काठावर होतो. "अ‍ॅबोरिजिनल लोक असे असतात, तसे मानतात" असं सरसकट लिहिलंत की मार्क गेलेच समजा, कुठल्या समाजाचं, कुठल्या जागेचं, ते लिहा. नूंगार लोकांचे सहा ऋतू पर्थकडचे, ते सिडनीच्या निबंधात घुसडू नका, आमच्या ग्रुपने घुसडण्याआधी ट्युटरने वाचवलं. कुणा एल्डरने (समाजातल्या ज्येष्ठ माणसाने) सांगितलेलं वापरायचं असेल तर आधी विचारायचं, आणि नाव, नेशन (म्हणजे समाज) दोन्ही द्यायचं. एचडी (सगळ्यात वरची ग्रेड) मिळणं सोपं नाही. एआयने लिहिलेलं दोन ओळींत ओळखू येतं, कारण त्यात जागा नसते.

अजून एक, हे वाचायला जड आहे. हत्याकांडांच्या आठवड्यात न्यूकॅसल युनिव्हर्सिटीचा हत्याकांडांचा नकाशा उघडायला लावतात, त्यावर ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक ठिकाण, तारीख, किती मेले. 1838 च्या मायल क्रीकला निदान 28 अ‍ॅबोरिजिनल लोक मारले आणि मारणाऱ्यांपैकी सात जणांना फाशी झाली, तशी शिक्षा होणं हाच अपवाद होता. रात्री एकटीने ते स्क्रोल करत बसू नका, सरळ सांगते. ट्युटमध्ये करा.

पैसे नसतील किंवा इलेक्टिव्ह संपले असतील तरी बरंच काही फुकट आहे. आयट्सिसचा नकाशा, न्यूकॅसलचा नकाशा आणि सिडनी युनिव्हर्सिटीचं किनशिप मॉड्यूल इंटरनेटवर मिळतं. खिशात 50 डॉलरची नोट असेल तर तिच्यावरचे गृहस्थ कोण ते बघा, डेव्हिड युनायपॉन, नारिंजेरी समाजातले लेखक आणि संशोधक. मी ती नोट कित्येकदा मोडलीय, माणूस कोण ते या युनिटमध्ये कळलं.

घेणार असाल तर पहिलं युनिट सोडून थेट दुसऱ्याला जाऊ नका, किनशिपच्या वर्कशॉपमध्ये काय चाललंय ते 1909 आणि 1915 माहीत असल्याशिवाय अर्धंच कळतं. सेन्सस डेटच्या आत सुरुवातीच्या ट्युट करून बघा, नाहीच जमलं तर तोवर सोडता येतं, नंतर पैसे गेले. वर्ग प्रत्यक्षवालाच निवडा, ऑनलाइन ऑप्शन दिसला तरी. आणि फील्ड डेची लिंक पोर्टलवर उघडली की त्याच दिवशी नाव टाका, आमच्या वेळी दुपारपर्यंत जागा भरल्या होत्या. जाताना बूट, टोपी, पाणी, आणि संध्याकाळसाठी जाकीट. कोरलेल्या रेषांवर पाय द्यायचा नाही, फोटोत उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवायचा नाही, आणि अंकल एकदा नाही म्हणाले की पुढचा प्रश्न दगडाबद्दल विचारा.